उंदराच्या दाताची साक्ष

बसलात का सगळे? मग ऐका.

स्पेन देशाच्या उत्तर भागात बुर्गोस नावाचं जुनं शहर आहे. तिथून पंधराएक किलोमीटरवर अतापुएर्का नावाचं गाव लागतं. गाव कसलं, वाडीच म्हणा. माणसं दोनशेच्या आसपास. चारी बाजूंना गव्हाची आणि जवाची शेतं, टेकाडावर सान मार्तिनचं दगडी चर्च आणि गावाच्या पाठीशी एक बुटका डोंगर. डोंगराचा माथा समुद्रसपाटीपासून १,०८० मीटरांवर आहे खरा, पण तिथलं पठार मुळातच इतकं उंच की गावातून पाहिलं तर तो शंभर-सव्वाशे मीटरच वर आलेला दिसतो. अंगावर ओकची झाडं. ओक म्हणजे उंचच उंच वृक्ष असं समजू नका. हे खुरटे, चिवट, बारमाही हिरवे ओक. पानांच्या कडा काटेरी. दक्षिणेकडून आर्लान्सोन नावाची नदी वाहते. तिचं नाव ध्यानात ठेवा, गोष्टीत तिचं बरंच काम आहे.

या गावात राजाची गोष्ट आहे आणि हाडांची गोष्ट आहे. कुठली आधी? राजाची? ठीक.

कास्तिल आणि लेऑनचा राजा फेर्नांदो आणि नवाराचा राजा गार्सिया हे सख्खे भाऊ. सरहद्दीच्या मुलखावरून त्यांच्यात बिनसलं आणि १०५४ सालच्या सप्टेंबरमध्ये दोघांच्या फौजा इथे एकमेकींना भिडल्या. गार्सिया पडला. जवळच एक उभा दगड आहे, त्याला लोक 'राजाचा शेवट' म्हणतात. दर ऑगस्टमध्ये गावकरी चिलखतं चढवून ती लढाई पुन्हा खेळतात. गावातून एक जुनी यात्रेची वाटही जाते. सान्तियागोच्या चर्चकडे निघालेले यात्रेकरू पाठीवर पिशव्या अडकवून हजारेक वर्षं तिच्यावरून चालत आलेत. अतापुएर्काच्या थोडं अलीकडे, याच वाटेवर सान हुआन दे ओर्तेगाचं चर्च आहे. तिथे मार्च आणि सप्टेंबर महिन्यांत, दिवस आणि रात्र सारखी होते त्या सुमाराला, मावळतीचं ऊन खिडकीतून आत येतं आणि एका खांबाच्या माथ्यावर कोरलेल्या मेरीवर पडतं. काही मिनिटं ती उजळते, मग पुन्हा अंधारात जाते. त्या दिवसांत सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो, एरवी तो उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकलेला असतो; म्हणून हा सोहळा वर्षातून दोनदाच.

झाली राजाची गोष्ट. तिला अजून हजार वर्षंही पुरी झालेली नाहीत. आता हाडांची गोष्ट, आणि तिच्यात हजार वर्षं म्हणजे काहीच नाही.

सुरुवात समुद्रापासून करू. नऊ कोटी वर्षांपूर्वी, डायनासोर जमिनीवर फिरत होते तेव्हा, या डोंगराच्या जागी उथळ समुद्र होता. त्यातल्या शंखशिंपल्यांचा चुरा आणि चुन्याचा गाळ तळाशी साचला, दबला, त्याचा चुनखडक झाला. पुढे जमीन वर उचलली गेली. आता चुनखडकाची एक खोड आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, आणि त्या आंबट पाण्यात चुनखडक हळूहळू विरघळतो. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ असा विरघळत नाही. म्हणून वेरूळ-अजिंठ्याला माणसांना पिढ्यान्‌पिढ्या छिन्नी चालवावी लागली. अतापुएर्कात ते काम पाण्यानंच केलं. भूजलाची पातळी आर्लान्सोन नदीच्या पातळीला धरून असायची. नदी आपलं पात्र कापत खाली उतरत गेली, तसं डोंगराच्या पोटातलं पाणीही खाली उतरलं आणि दर मुक्कामाला नव्या गुहा कोरत गेलं. असे गुहांचे तीन मजले झाले, सगळ्यात वरचा सगळ्यात जुना.

मग काही गुहांची छतं ढासळली, बाजू उघड्या पडल्या. त्या तोंडांतून माती, दगड, पावसाचा गाळ आणि हाडं आत जाऊ लागली. जुन्या वाड्यांत धान्य साठवायला जमिनीत पेव असायचं ना? त्यात आधी टाकलेलं तळाशी जातं, नंतरचं वर राहतं. या गुहा अशाच भरल्या, फक्त भरायला लाखो वर्षं लागली. शेवटी त्या तोंडापर्यंत गच्च झाल्या, वर गवत उगवलं, आणि खाली काही आहे याची कुणाला शंकाही उरली नाही.

त्या उघड्या पडल्या त्या एका रेल्वेमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला एका इंग्रज कंपनीला पलीकडच्या देमांदा डोंगरातलं लोखंडाचं खनिज आणि कोळसा बुर्गोसकडे आणायचा होता. रूळ टाकायला त्यांनी अतापुएर्काचा डोंगर चिरला. अर्धा किलोमीटर लांब आणि कुठे कुठे वीस मीटर खोल असा चर पाडला. गाडी काही फार वर्षं चालली नाही. धंदा बसला, रूळ गेले, चर मात्र राहिला. आणि त्याच्या दोन्ही भिंतींत त्या भरलेल्या गुहा वरपासून खालपर्यंत उभ्या कापलेल्या दिसू लागल्या. पिवळा थर, तांबडा थर, दगडगोट्यांचा थर, मधे कुठे हाडाचं टोक. तरी त्याकडे नीट बघायला आणखी अर्धशतक जावं लागलं.

दादा, तू विचारतोयस की मग शोध लावला कुणी? सांगतो, पण त्यात अस्वल आहे.

त्याच डोंगरात एक मोठी गुहा आहे. तिच्या तोंडापासून अर्धा किलोमीटर आत गेलं की तेरा मीटर खोल विहिरीसारखा एक खड्डा येतो. त्याला म्हणतात हाडांची खाई. बुर्गोसची धाडसी पोरं दोर बांधून तिथे उतरायची आणि अस्वलांचे सुळे घेऊन यायची, फुशारकी मारायला. १९७६ साली त्रिनिदाद तोर्रेस नावाचा एक अभियंता अस्वलांच्या जीवाश्मांवर प्रबंध लिहीत होता. तोही त्या खाईत उतरला. अस्वलं मिळालीच, पण त्यांच्यात एक जबडा निघाला, तो अस्वलाचा नव्हता. माणसाचा होता. आपल्यासारख्या माणसाचा मात्र नव्हे: दणकट, आणि खाली हनुवटीच नाही. त्यानं तो आपले मार्गदर्शक एमिलियानो आगिर्रे यांना दाखवला. आगिर्रेंनी काय ओळखायचं ते ओळखलं आणि १९७८ साली खणायला सुरुवात केली.

लगेच खजिना मिळाला का? छे. सुळ्यांसाठी उतरलेल्या पोरांनी खाईतली वरची माती तुडवून, उकरून सगळी गोंधळून टाकली होती. ती आधी बाहेर काढायची होती. तिथे यंत्र जात नाही. माणसांनी पिशव्या पाठीला लावून, रांगत, वाकत ती माती उन्हाळ्यामागून उन्हाळे बाहेर आणली. आणि टाकून दिली नाही. आर्लान्सोनच्या काठी नेली, बारीक जाळीच्या चाळण्यांत घालून पाण्यानं धुतली, आणि मागे राहिलेला कण न् कण वेचला. आजही तिथे दर जून-जुलैत हेच चालतं. वर डोंगरात खणतात, खाली नदीवर धुतात.

आता रेल्वेच्या चराकडे येऊ. तिथे ग्रान दोलिना नावाची एक भरलेली गुहा आहे. तिच्यातल्या थरांना शास्त्रज्ञांनी खालून वर क्रमांक दिलेत. १९९०च्या सुमाराला आगिर्रे निवृत्त झाले आणि त्यांच्या तिघा शिष्यांनी काम हाती घेतलं: हुआन लुईस आर्सुआगा, होसे मारिया बेर्मुदेस दे कास्त्रो आणि एउदाल्द कार्बोनेल. त्यांनी ग्रान दोलिनात सहा-सात चौरस मीटरांचा एक अरुंद खड्डा सरळ खाली नेला, आत काय दडलंय याचा अंदाज घ्यायला. जुलै १९९४मध्ये खड्डा सहाव्या थरात पोचला आणि माणसांचे दात निघाले. कवटीचे तुकडे निघाले. दगडी हत्यारं निघाली.

त्या वेळी युरोपातले बरेच विद्वान म्हणत होते की पाच लाख वर्षांच्या आधी युरोपात माणूस नव्हताच. मग ही माणसं कधीची? हाडाला विचारून हाड सांगत नाही. म्हणून साक्षीदार शोधावे लागले. दोन मिळाले, दोघंही अगदी बारके.

पहिला साक्षीदार चिखलाचा कण. पृथ्वीच्या पोटात वितळलेलं लोखंड घुसळत असतं, त्यामुळे पृथ्वी स्वतःच एक मोठं चुंबक आहे. म्हणून होकायंत्राची सुई उत्तर दाखवते. पण हे चुंबक कायम एकाच बाजूनं नसतं. अधूनमधून, लाखो वर्षांच्या अंतरानं, ते उलटतं. त्या काळात तुम्ही होकायंत्र घेऊन उभे असता तर उत्तरेची सुई दक्षिणेला वळली असती. शेवटची मोठी उलटापालट झाली सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी. आता गुहेतल्या संथ पाण्यात गाळ बसत असतो तेव्हा त्यातले लोहयुक्त सूक्ष्म कण त्या वेळच्या चुंबकाकडे तोंड करून बसतात आणि मग गाळ घट्ट झाला की हलू शकत नाहीत. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा थंड होताना त्यातही असेच कण अडकले. त्यातल्या कितीतरी थरांत ते उलट्या दिशेचे आहेत, कारण ते ओतले गेले तेव्हा पृथ्वीचं चुंबक उलटं होतं. तर ग्रान दोलिनातल्या थरांतून मातीचे नमुने काढून मोजणी केली. वरच्या थरांतले कण आजच्यासारखे. सातव्या थरात दिशा फिरलेली. सहावा थर त्याच्या खाली. म्हणजे ही माणसं त्या उलटापालटीच्याही आधीची!

पण एका साक्षीवर निकाल देत नाहीत. दुसरा साक्षीदार आला नदीवरच्या चाळणीतून: उंदरासारख्या एका प्राण्याचा दात. व्होल म्हणतात त्याला, पाण्याकाठी राहतो. गुहेत तो स्वतः आला नव्हता. त्याला घुबडानं आणलं. घुबड उंदीर अख्खा गिळतं, मांस पचवतं आणि केस, हाडं, दात यांची गोळी करून ओकून टाकतं. गुहेच्या कपारीत घुबडांची बैठक, खाली गोळ्यांचा खच. हजारो दात.

आता बघा गंमत. व्होल गवत खातो आणि गवतात वाळूसारखे कठीण कण असतात. दात झिजतात. जुन्या काळच्या व्होलांच्या दाढांना मुळं होती. मूळ धरलं की वाढ थांबायची, झिजलं ते झिजलं. पण ज्यांच्या दाढा मूळ धरायला उशीर लावत आणि जास्त दिवस वाढत, ते जास्त जगले, त्यांना पिल्लं जास्त झाली. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या आणि शेवटी असे व्होल आले ज्यांच्या दाढांना मुळंच नाहीत. त्या जन्मभर वाढतच राहतात. हा बदल युरोपात सगळीकडे ठरावीक क्रमानं झाला. त्यामुळे थरातली दाढ पाहिली की जाणकार विचारतो, मुळं आहेत की नाहीत? ग्रान दोलिनाच्या सहाव्या थरातल्या दाढांना मुळं होती. जुनी जात. चिखलाचा कण आणि उंदराचा दात यांनी एकमेकांना न विचारता एकच साक्ष दिली. पुढे खुद्द त्या माणसाच्या दाताचीही तपासणी झाली आणि वय आठ-नऊ लाख वर्षांच्या आसपास ठरलं.

तिथेच एका मुलाचा अर्धा चेहरा मिळाला. दहा-अकरा वर्षांचं पोर, दादाच्याच वयाचं. गंमत म्हणजे जबडे आणि दात जुन्या धाटणीचे, पण गालाची ठेवण थेट तुमच्या-माझ्यासारखी. १९९७ साली त्याला नवी जात म्हणून नाव मिळालं, होमो अँटेसेसर. २०२० साली दाताच्या आवरणातली प्रथिनं वाचली गेली आणि कळलं की ही जात आपल्या आणि निअँडरथल माणसांच्या पूर्वजांची जवळची भावकी. कितीतरी वर्षं त्या पोराला सगळे 'ग्रान दोलिनाचा मुलगा' म्हणत होते. मग सुळ्यातल्या थरांची जाडी मोजली, आणि २०२१ साली शास्त्रज्ञ म्हणाले, मुलगा नाही, बहुधा मुलगी!

आता पुढचं जरा कठीण आहे. सांगू? बरं. त्या थरातल्या माणसांच्या हाडांवर दगडी सुरीचे चरे आहेत, मगज काढायला हाडं फोडली आहेत. हरणाच्या हाडांवर जसे चरे, तसेच. म्हणजे माणसांनी माणसांना खाल्लं होतं. पूर्वजांची सगळीच कहाणी गोड नसते. चरा पुसता येत नाही, तो वाचायचा असतो.

पण त्याच डोंगरात चार लाख वर्षांनंतरची दुसरी गोष्ट आहे. अस्वलांची ती खाई आठवते? माती काढून झाल्यावर खरे थर लागले आणि हाडं निघतच राहिली. साडेसहा हजारांहून जास्त माणसांची हाडं, निदान २८ जणांची, ४ लाख ३० हजार वर्षांपूर्वीची. कानातली इवलाली हाडंसुद्धा टिकलेली. त्या हाडांवरून कानाचं गणित मांडलं तेव्हा कळलं की या माणसांचे कान बोलण्याचे बारीक स्वर आपल्याइतकेच नीट टिपत असावेत. एक कवटी इतकी पूर्ण मिळाली की तिला ती सापडली तेव्हाच्या एका नावाजलेल्या सायकलपटूवरून मिगेलोन असं नाव दिलं. तो मिगेल इंदुरायन नावाचा सायकलपटू स्पेनचा लाडका होता. या मिगेलोनला बिचाऱ्याला दाताच्या दुखण्यातून जबड्यात भयंकर पू झाला होता. दुसऱ्या एका कवटीच्या कपाळावर दोन भोकं आहेत, एकाच हत्यारानं दोनदा मारल्याची. आपण पडलो तर एकाच जागी दोनदा असे पडत नाही. खुनाच्या सगळ्यात जुन्या खुणांपैकी ती एक.

आणि तिसरी कवटी एका लहान पोराची. त्याच्या कवटीचा एक सांधा वेळेआधीच जुळून गेला होता. त्यामुळे डोकं वाकडं वाढलं, मेंदूलाही त्रास झालाच असणार. ते पोर टोळीतल्या इतरांसारखं दिसत नव्हतं, कदाचित इतरांसारखं करूही शकत नव्हतं. तरी ते निदान पाच वर्षांहून मोठं होईपर्यंत जगलं. थंडी, लांडगे, उपासमार, हे सगळं असताना. एकट्यानं जगणं शक्यच नव्हतं. कुणीतरी त्याला रोज भरवलं, उचलून नेलं, जवळ घेऊन झोपलं. एकीकडे कपाळावर दोन घाव आणि दुसरीकडे हे. दोन्ही एकाच खाईत सापडलं.

काय म्हणालीस, ती सगळी तिथे राहत होती का? नाही. तिथे चूल नाही, खाल्लेल्या हरणांची हाडं नाहीत. हत्यार मिळालं ते एकच, १९९८ साली: तांबूस गारगोटीसारख्या दगडाची घडवलेली देखणी हातकुऱ्हाड. म्हणून शोध लावणाऱ्यांचं मत असं की आपल्या मेलेल्या माणसांना इतर जण तिथे आणून खाली सोडत असावेत आणि ती कुऱ्हाड त्यांच्यासोबत ठेवलेली असावी. सगळ्यांना हे पटलेलं नाही, वाद चालू आहे. एक मात्र ठरलं. २०१६ साली जर्मनीतल्या प्रयोगशाळेत त्या हाडांतलं डीएनए वाचलं आणि कळलं की ही माणसं निअँडरथलांच्या घराण्याच्या सुरुवातीची होती.

आणखी जुनं काही आहे का? आहे ना. चरातच 'हत्तीची खाई' नावाची जागा आहे. तिथे पूर्वी हत्तीचं म्हणून जे हाड मिळालं ते गेंड्याचं निघालं, नाव मात्र हत्तीचंच राहिलं. तिथे २००७ साली बारा लाख वर्षांपूर्वीचा जबडा मिळाला आणि २०२२ साली त्याहून खालच्या थरात एका चेहऱ्याचा डावा भाग. अकरा ते चौदा लाख वर्षांपूर्वीचा. पश्चिम युरोपात आजवर मिळालेला सगळ्यात जुना मानवी चेहरा तो. तुकडे जोडायला, तपासायला वेळ लागला. जगाला सांगितलं ते मार्च २०२५मध्ये.

युनेस्कोनं २००० साली या डोंगराला जागतिक वारसा ठरवलं. बुर्गोसमध्ये मानवी उत्क्रांतीचं मोठं संग्रहालय २०१०पासून उघडं आहे. तिथे मिगेलोन आहे, ती हातकुऱ्हाड आहे. पण दादाचा प्रश्न अजून राहिलाय: १९९४ साली त्या अरुंद खड्ड्यात सहावा थर दिसला, मग लगेच सगळा थर का नाही उघडला?

कारण तो थर उघडायचा तर आधी वरचे सगळे थर काढायला हवेत, आणि तेही नुसते फेकून नाही. दहाव्या थरातही माणसांची हत्यारं आहेत, जनावरांची हाडं आहेत. त्यांचाही हक्क आहे. म्हणून वरून, रुंद जागेत, ब्रश आणि छोटी हत्यारं घेऊन, मातीचा कण न् कण नदीवर धूत, ते खाली येत गेले. सहावा थर मोठ्या जागेत उघडायला दशकं लागली. पहिल्या खड्ड्याच्या वेळी जी मुलं जन्मलीही नव्हती, ती आज तिथे गुडघे टेकून बसली आहेत. आणि वर पहिला ब्रश फिरवणाऱ्यांना हे ठाऊक होतं की खालचा थर बहुधा दुसऱ्याच कुणाच्या हाताला लागणार आहे. तरी त्यांनी घाई केली नाही, कारण एकदा मिसळलेली माती पुन्हा थर होत नाही.

तेव्हा उद्या परसात खड्डा खणणार असाल तर जरूर खणा. फक्त काही सापडलं की चटकन उचलू नका. ते किती खोल होतं, त्याच्या वर काय होतं, खाली काय होतं, हे आधी वहीत लिहा आणि मग हात लावा.